धाकटीची वही

आमच्या धाकटीला लिहिण्याचा नाद आहे. आता पाचवीत आहे, पण तिसरीत असल्यापासून तिची एक वेगळी वही असते. शाळेची नव्हे, तिची स्वतःची. दोनशे पानी, आडव्या रेघांची. तिच्यात काय नसतं? शेजारच्या चाचींच्या शेळीला दोन पिल्लं झाली, त्यातलं एक काळं आहे. रिक्षावाल्या काकांनी आज नवीन चष्मा घातला, त्यामुळे ते हेडमास्तरांसारखे दिसले. डब्यातला खिमा मैत्रिणीला आवडला, पण घरी सांगू नकोस म्हणाली. भाऊ आंघोळ न करता शाळेत गेला (ही नोंद मात्र तारीख आणि वारासकट).

आम्ही पेशाने शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवण्यात वीस वर्षं गेली. बी.एड.ला असताना हातात आलेलं लाल पेन काही सुटलेलं नाही. दर जुम्याच्या संध्याकाळी धाकटीची वही ‘बघायची’ असा घरात रिवाजच पडून गेला होता. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, ‘आणि’ची वेलांटी. शिवाय ती घरातले शब्द जसेच्या तसे लिहिते. एकदा तिने लिहिलं, ‘नानीची तबियत नासाज आहे.’ आम्ही ‘नासाज’खाली रेघ मारून वर ‘बरी नाही’ असं लिहिलं. कशासाठी, हे आज विचारलं तर सांगता येणार नाही. शब्द तिच्या नानीचा होता, तबियतही नानीचीच होती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. नोकरीपायी आमचं बिऱ्हाड घाटावर आणि सासर श्रीवर्धनच्या बाजूला. मुलांचे चाचा कुवेतहून रजेवर आलेले, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी घर भरलं होतं. एक दिवस सगळे मिळून जंजिऱ्याला जायचं ठरलं. दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला, तिथून रिक्षाने राजापुरीच्या धक्क्यावर आणि मग शिडाची होडी. ज्यांनी हा किल्ला पाहिलाय त्यांना माहीत आहे, अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही. होडी लाटेवर हलत असते आणि खलाशाचा हात धरून पायरीवर उडी मारावी लागते. दरवाजापाशी दगडात कोरलेला वाघासारखा प्राणी आहे, त्याने पंजांत हत्ती पकडलेत. आत गेल्यावर नवल वाटतं ते तलावांचं. चारी बाजूंना खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याचे तलाव. मुलांच्या अब्बांनी सिद्दींचा इतिहास सांगितला, की हा किल्ला कुणाला जिंकता आला नाही आणि संस्थान १९४८ साली भारतात विलीन झालं. थोरल्याने कलालबांगडी, चावरी, लांडा कासम ही तोफांची नावं पाठ केली आणि प्रत्येक तोफेवर हात ठेवून फोटो काढून घेतला. दादीचे गुडघे दुखतात, ती काही होडीत चढली नाही. धक्क्यावर पिशव्या सांभाळत बसली.

गावाहून परतल्यावर जुम्याच्या संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे वही उघडली. जंजिऱ्याची दोन पानं होती. तोफांबद्दल एक ओळ नाही. होतं ते असं: ‘खलाशी काका एक पाय होडीत आणि एक पाय किल्ल्यावर ठेवून उभे होते. त्यांनी सगळ्यांना उतरवलं पण ते स्वतः आत आले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, रोजच येतो.’ पुढे एका खेकड्याबद्दल पाऊण पान. आणि शेवटी हे:

‘रात्री अब्बा आणि चाचा मोठ्याने बोलत होते. घराबद्दल. दादी जेवली न्हवती. म्हणाली पोट भरलंय. पण ती दुपारी पण जेवली न्हवती. मी बघितलं, तिने भाकरी मांजरीला दिली. रात्री मी उठले तर ती ओटीवर बसली होती. म्हणाली आत गरम होतंय. मला तर थंडी वाजत होती.’

आम्ही दोन्ही ‘न्हवती’भोवती लाल गोल केले, समासात ‘नव्हती’ लिहिलं, खाली सही आणि तारीख टाकली. हे आज कागदावर उतरवताना लाज वाटते, पण घडलं ते असंच.

दोन दिवसांनी धाकटीच्या शाळेत ‘मी केलेला प्रवास’ असा निबंध लिहून आणायला सांगितला. आम्ही शेजारी बसून तो लिहून घेतला. खलाशी राहू दे, तोफा घाल. खेकडा एका वाक्यात आटप. आणि घरातल्या गोष्टी शाळेत कशाला, दादीचं काढून टाक. तिने मुकाट्याने काढलं. निबंधाला ‘उत्तम’ असा शेरा मिळाला आणि वर्गात वाचूनही दाखवला गेला. आम्हीही खूश.

मग केव्हातरी तिच्या अब्बांनीच विचारलं, हिची वही हल्ली दिसत नाही. खरंच दिसत नव्हती. दप्तरात होती, पण गावाहून आल्यानंतरची सगळी पानं कोरी. आम्ही म्हटलं, काय गं, लिहीत नाहीस? तर सहज म्हणाली, “अम्मी, तू सांग, मी लिहिते.”

रुसून म्हणाली असती तर समजूत काढता आली असती. ती रुसली नव्हती. तिला वाटलं होतं की लिहिणं म्हणजे हेच.

त्या रात्री वही पुन्हा उघडली, पेन न घेता. अब्बांनाही वाचायला दिली. त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. झालं असं होतं की चाचांना जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं घर बांधायचं होतं. यांचं म्हणणं, एवढा पैसा आता आणायचा कुठून. दोघे चार दिवस त्याच विषयावर बोलत होते, आवाजही चढत होते. आम्ही सुना स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत होतो, तव्यावर सुरमई होती, मुलं होती, पाहुणे होते. दादी दोन वेळा जेवली नाही हे एकाही मोठ्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. दहा वर्षांच्या मुलीच्या आलं. तिने ते लिहून ठेवलं. आम्ही ते वाचलं आणि त्यात आम्हाला शुद्धलेखनाची चूक दिसली.

याच सुमारास वर्गात बाबराचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट आठवली. बाबराने १५२८ साली बदख्शानात असलेल्या हुमायूनला पत्र लिहिलं. ते त्याने आपल्या आत्मचरित्रातही घातलं आहे. त्यात बाप मुलाच्या लिखाणाची चांगलीच झडती घेतो. तुझं पत्र वाचता वाचता जीव मेटाकुटीला येतो, तू स्वतः एकदा वाचून पाहिलं असतंस तर तुलाही लागलं नसतं. साधे, स्वच्छ शब्द वापर, तुलाही सोपं आणि वाचणाऱ्यालाही. शिवाय ‘इल्तिफात’ हा शब्द ‘ते’ने लिहायचा, तो तू ‘तोय’ने लिहिला आहेस! उर्दू शिकवणाऱ्या कुणालाही हे वाचून हसू येईल, ‘ते’ आणि ‘तोय’चा घोटाळा आमच्या वर्गात आजही रोजचा आहे. इल्तिफात म्हणजे आस्थेने लक्ष देणं. आम्हाला मात्र या वेळी हसू आलं नाही.

त्याच बाबराची मुलगी गुलबदन. १५२९ साली सहा वर्षांची असताना ती काबूलहून आग्र्याला आली. म्हातारपणी अकबराच्या सांगण्यावरून तिने ‘हुमायूननामा’ लिहिला. त्यात लढाया आहेतच, पण त्या लांबच्या प्रवासानंतर वडील भेटले तेव्हा त्यांनी तिला कसं कुशीत घेतलं हेही आहे. तिची फारसी साधी, मधूनमधून घरातले तुर्की शब्द. आज इतिहासकार त्या पुस्तकाकडे जातात ते जनान्यात काय चालायचं, कोण कुणावर नाराज होतं, कोण कशाला रडलं हे कळावं म्हणून. दरबारी इतिहासकारांनी त्यातलं फारसं काही लिहून ठेवलं नव्हतं.

आणि लांब कशाला जावं. मुंबईच्या तय्यबजी खानदानात, म्हणजे १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी ज्या घराण्यातले त्या घराण्यात, ‘अखबार की किताब’ म्हणून वह्या असत. घरातल्या कुणीही त्यात लिहावं. बायकांनी, मुलांनीसुद्धा. कोण आलं, कोण कुठे गेलं, काय गंमत झाली. जंजिऱ्याच्या नाझली बेगम याच गोतावळ्यातल्या. १९०८ साली त्या युरोपला गेल्या आणि त्या प्रवासाची हकिकत त्यांनी उर्दूत लिहिली. मुरुडला जाताना नवाबाचा वाडा आम्ही रस्त्यावरून मुलांना दाखवला होता, पण हे सांगायचं राहून गेलं. तोफांची वजनं सांगत बसलो ना.

नाताळच्या सुट्टीत चार दिवस पुन्हा गावी गेलो. चाचा तोवर कुवेतला परतले होते. पहिल्याच संध्याकाळी धाकटीने दादीला वही वाचून दाखवली. दादीला कुराण शरीफ आणि उर्दू वाचता येतं, मराठी नाही, त्यामुळे नातीचं लिखाण तिने आजवर कधी ऐकलंच नव्हतं. मांजरीचं वाक्य आलं तशी ती पदर तोंडावर धरून हसली, “या पोरीने मांजरीचंही लिहिलं!” मग डोळे पुसले. तिच्या मुलाने विचारलं, “अम्मी, घराबद्दल तुझ्या मनात काय आहे?” ती उठून आत गेली, चहा ठेवला, सगळ्यांना दिला आणि मग म्हणाली, “पाडा की. मी नको म्हणत नाही. पण बांधून होईपर्यंत मी कुठे राहणार, ते कोणी बोललं? सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे, संदुकीसारखी?”

घराचा निर्णय अजून झालेला नाही. भाऊ-भाऊ फोनवर बोलतात, कधी बरं, कधी वाकडं. फरक इतकाच की आता फोन दादीच्या हातातही जातो.

वाचक भगिनींनो, शुद्धलेखन सोडा असं आम्ही शिक्षक असून कसं म्हणू? शाळेच्या वह्या आम्ही आजही तपासतो, धाकटीच्याही, आणि ‘नव्हती’ तिच्याकडून दहा वेळा लिहून घेतलं. पण ते वेगळ्या वहीत. तिच्या वहीला तिने खाकी कव्हर घातलं आहे, आणि ती उघडून देईल तेवढंच पान आम्ही वाचतो. पहिल्या जुम्याला तिने वही दिलीच नाही. दुसऱ्या जुम्यालाही नाही. तिसऱ्याला बाथरूममधल्या पालीबद्दल चार ओळी वाचायला मिळाल्या. सही करायला हात शिवशिवला, आवरला.

शिवाय एक जाड वही आणून ती फ्रिजवर ठेवली आहे. तिच्यात कुणीही लिहावं. थोरला क्रिकेटचा स्कोअर लिहितो. अब्बांनी आतापर्यंत दोनदा लिहिलं, त्यातलं एकदा गॅस सिलिंडरची तारीख. दादी महिनाभर राहायला आली होती, तिने उर्दूत लिहिलं आणि आम्ही खाली मराठीत उतरवलं, एकही शब्द न बदलता: ‘आज बांगडे आणले होते. चांगले होते. मी दोन खाल्ले.’