बारला डिपर नसतो

थार, जिम्नी, गुरखा, बोलेरो, जी कोणती गाडी तुमच्या दारात उभी असेल आणि तिच्या बंपरवर किंवा टपावर एलईडी बार असेल, तर हे आवाहन तुम्हाला आहे. बार घ्यायचा विचार चालू असेल तर आधी तुम्हालाच आहे. ट्रॅक्टरवर फोकस बसवणाऱ्या शेतकरी बांधवांनो, तुम्हालाही आहे. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर, सगळीकडचे रस्ते ऊसवाहतुकीने रात्रभर जागे राहतात. घाटांत धुकं उतरतं. सुट्टीला शहरातल्या गाड्या सह्याद्रीच्या वाटेला लागतात. ती गर्दी सुरू व्हायच्या आत एक काम करा. बारवर झाकण बसवा. चिखलाची वाट संपून चाक डांबरी रस्त्याला लागलं की झाकण लागलंच पाहिजे, असा नियम स्वतःच्या गाडीला आजच घालून द्या.

दुभाजक नसलेला एखादा राज्यमार्ग डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे साडेनऊ झालेत. मोटारसायकलवर तिघं आहेत. नवरा, बायको आणि मध्ये पेंगुळलेलं पोर. हेल्मेटच्या काचेवर धूळ आहे, जुने ओरखडे आहेत. समोरून तुमची गाडी येते. हेडलाइट डिपरवर आहेत, पण वरचा बार चालू राहिलाय. त्या ओरखड्यांवर प्रकाश पडतो आणि अख्खी काच पांढरी होते. रस्त्याची कड नाहीशी होते. साइडपट्टी कुठे संपली, खड्डा कुठे आहे, पुढची ट्रॉली किती लांब आहे, काही कळत नाही. तुम्ही निघून जाता. त्याच्या डोळ्यांपुढची अंधारी मात्र तशीच राहते.

ती काही सेकंद राहते. म्हातारपणामुळे किंवा सुरू झालेल्या मोतीबिंदूमुळे नजर अधू असेल तर आणखी जास्त. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. तीन सेकंदांत ५० मीटर. तेवढा रस्ता तो माणूस न बघता चालवतो, आणि त्याच्या मागे त्याचं घर बसलेलं असतं. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. एकूण मृतांपैकी एकट्या महाराष्ट्रातली १५,२२४. ही सगळी कोणाच्या बारमुळे गेली असं नाही. पण रात्रीच्या रस्त्यावर समोरच्याची नजर शाबूत ठेवणं एवढं तर नक्की तुमच्या हातात आहे.

तुम्ही बार का लावलात, तेही ठाऊक आहे. कंपनीचे लाइट कमी पडतात. वळणावर अचानक म्हैस उभी असते. बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली पाच हातांवर आल्यावर दिसते. मागच्या सीटवर मुलं झोपलेली असतात आणि त्यांना सुखरूप घरी न्यायचं असतं. ही काळजी खरी आहे, तिला कोणी नावं ठेवत नाही. समोरून येणाऱ्यालाही तीच काळजी असते.

आता बारची रचना समजून घ्या. हेडलाइट डिपरवर असतो तेव्हा त्याच्या प्रकाशाला वरून एक रेघ असते. रेघेच्या खाली उजेड, वर अंधार. भिंतीसमोर गाडी उभी करा, ती रेघ स्वच्छ दिसेल. समोरच्याचे डोळे त्या रेघेच्या वरच्या अंधारात सुरक्षित राहतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बारना ही रेघच नसते. प्रकाश वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सगळीकडे जातो. बार चालू असतो किंवा बंद असतो. त्याला डिपर नसतो. त्यामुळे ‘मी खाली वाकवून बसवलाय’ हे सांगू नका. वाकवल्याने झोत थोडा खाली येतो, रेघ तयार होत नाही. टपावर बसवलेला बार तर कितीही वाकवा, तो समोरच्याच्या डोळ्यांत जातोच.

कायद्यानेही या डोळ्यांचा विचार केलेला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम बघा. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत, असं तो सांगतो. दीड मीटर म्हणजे जवळपास तुमच्या आईच्या, बायकोच्या डोळ्यांची उंची. पुढचा १११ वा नियम समोर तोंड करून स्पॉटलाइट आणि सर्चलाइट लावायला मनाई करतो. अपवाद फक्त विशेष परिस्थितीचा आणि तोही आरटीओची आधी परवानगी घेऊन. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीनंतर गाडीत बेकायदा फेरफार केला तर प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडाच्या भीतीने हे करू नका. अंधार पडल्यावर अंगणात गाडी उभी करा. दहा-अकरा पावलं पुढे जा. जरा उजवीकडे सरका. घरातल्या कोणाला तरी बार चालू करायला सांगा आणि गाडीकडे बघा. पुन्हा बंद करायला सांगा आणि पायाखालची जमीन शोधायचा प्रयत्न करा. मग ठरवा.

अजून बार घेतला नसेल तर दुकानात जाण्याआधी थोडं थांबा. आधी आहेत ते हेडलाइट तपासा. पिवळी पडलेली काच घासून घ्या. गॅरेजमध्ये फोकस अॅडजस्ट करून घ्या. मागे सामान आणि माणसं भरली की गाडीचं नाक वर उठतं, तेव्हा डॅशबोर्डवरचं लेव्हलिंगचं बटन फिरवा; ते कशासाठी असतं हे पुष्कळांना माहीतच नसतं. पुढची काच आतूनही पुसा. हॅलोजनच्या घरात स्वस्तातला एलईडी बल्ब कोंबला असेल तर काढा, तो उजेड विसकटतो आणि बारइतकाच त्रास देतो. एवढं केल्यावर निम्म्या लोकांना बारची गरजच उरणार नाही, असं माझं मत आहे.

तरीही खरोखर वाट सोडून चालवत असाल, रात्री शेतात किंवा डोंगरात जात असाल, तर बार घ्या. पण निवडताना खोक्यावरच्या लुमेनला भुलू नका. साध्या एच-४ हॅलोजन बल्बचा डिपरचा उजेड साधारण १,००० लुमेन असतो. बारच्या खोक्यावर १२,०००, २०,००० असे आकडे छापलेले असतात, आणि ते बहुधा चिपच्या कागदावरच्या क्षमतेचे असतात, काचेतून बाहेर पडणाऱ्या उजेडाचे नसतात. दुकानदाराला मीटर लावायला सांगा. १२ व्होल्टवर १२० वॉटचा बार १० अँपिअर ओढतो. खोक्यावर ३०० वॉट लिहिलंय आणि मीटर ५ अँपिअर दाखवतोय, तर तो ६० वॉटचाच बार आहे. ‘५०० मीटरवर १ लक्स’ असं कोणी सांगितलं तर लक्षात ठेवा, १ लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याच्या काही पट, एवढंच. त्यात खड्ड्याची खोली कळत नाही.

मग झोताचा आकार बघा. स्पॉट म्हणजे अरुंद, लांब जाणारा. फ्लड म्हणजे पसरट, जवळचं दाखवणारा. कॉम्बोमध्ये दोन्ही असतात. आपल्याकडच्या डोंगरवाटांवर तुम्ही ताशी १०-१५ च्या वर जातच नाही. तिथे चारशे मीटर पुढचं दिसून करायचं काय? तुम्हाला हवी असते चाकापुढची दरड, डावीकडची घळ, ओढ्यातला दगड. त्याला छोटा फ्लड बार पुरतो. मोठा स्पॉट बार वाळवंटात भरधाव जाणाऱ्यांसाठी असतो आणि आपल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त घात तोच करतो. रंगही बघा. निळसर पांढरा, ६००० केल्विनच्या वरचा उजेड फोटोत छान दिसतो, पण धुळीत आणि पावसात तुमच्याच डोळ्यांवर परत आदळतो. पिवळट उजेड कमी बोचतो. धुक्यात मात्र रंगापेक्षा उंची महत्त्वाची. टपावरचा बार आंबोलीच्या किंवा माळशेजच्या धुक्यात लावून बघितलेल्याला विचारा. समोर पांढरी भिंत उभी राहते, बॉनेटही चमकायला लागतं. बार खाली, बंपरपाशीच बसवा. आयपी-६७ दर्जाचा घ्या. त्यात धूळ शिरत नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी तो टिकतो.

आणि वायरिंगमध्ये पैसे वाचवू नका. हात जोडून सांगतो, वाचवू नका. हेडलाइटच्या वायरला जोड मारून बार पेटवला की ती वायर तापते, तिचं आवरण वितळतं, आणि बॉनेटखाली आग लागू शकते. गाडीत तुमचीच माणसं असतात. स्वतंत्र रिले घ्या. बॅटरीजवळ फ्यूज टाका. वायर पुरेशी जाड घ्या. स्विच वेगळा ठेवा आणि तो हाताला सहज लागणार नाही अशा जागी बसवा.

त्याबरोबरच झाकण घ्या. अपारदर्शक, घट्ट बसणारं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात वाट सोडून चालवण्यासाठीचे दिवे सार्वजनिक रस्त्यावर बंद आणि अपारदर्शक झाकणाने झाकलेलेच असले पाहिजेत, असं बंधन आहे. नुसतं ‘बंद ठेवतो’ पुरत नाही म्हणून ते बंधन आहे. स्विचला चुकून हात लागतो. समोरचा अप्पर मारत आला की राग येतो आणि तोच हात बारकडे जातो. झाकण असलं की राग आला तरी समोरच्याचे डोळे वाचतात.

ट्रॅक्टरवाल्या दादांनो, आता तुमच्याशी. रात्री नांगरटीला फोकस लागतो, मान्य. पण दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे निघताना तो बंद करा. पहाटे तीन-चारला त्याच रस्त्याने बैलगाड्या चाललेल्या असतात. बीडकडून ऊसतोडीला आलेलं जोडपं कोपीत लहानग्यांना झोपवून गाडीवर बसलेलं असतं. डोळ्यांत प्रकाश गेला की बैल बिचकतात, जू ओढून एका अंगाला जातात, आणि उसाने भरलेली गाडी साइडपट्टीवरून खाली कलंडायला तेवढं पुरतं. तुमच्या स्वतःच्या ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावा. मागून येणाऱ्याला तुमची ट्रॉली दिसली की त्यालाही बारची गरज वाटणार नाही. कारखान्याच्या संचालकांनो, शेती अधिकाऱ्यांनो, यार्डात गाडी आली की वजनाच्या काट्यावर दोन मिनिटं थांबवून फोकस आणि रिफ्लेक्टर बघा. तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे, ते वापरा.

आणि समोरून कोणी बार लावून आलाच, तर त्याला बारने उत्तर देऊ नका. दोन आंधळ्या गाड्या एका रस्त्यावर आणू नका. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढा. नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा. करकचून ब्रेक दाबू नका, मागे कोणीतरी असतंच. फारच अंधारी आली तर डावा इंडिकेटर देऊन हळूहळू वेग कमी करा.

अॅक्सेसरीजचं दुकान चालवणाऱ्यांनो, गिऱ्हाइकाने मागितलं नाही तरी प्रत्येक बारबरोबर झाकण द्या. किंमत त्यातच धरा. रिले न घेता वायर जोडून द्यायला सरळ नाही म्हणा. ऑफरोड क्लबच्या मंडळींनो, ट्रिपच्या सूचना पाठवता ना, टो-रोप, प्रथमोपचार पेटी, पिण्याचं पाणी? त्यातच बारचं झाकण लिहा. वाट संपली आणि डांबर आलं की ताफ्यातल्या पहिल्या गाडीने थांबावं, सगळ्यांनी उतरून झाकणं लावावीत, मगच पुढे निघावं. टायरची हवा भरायला थांबताच, तेव्हाच हे होतं. तुमचं बघून नवी मुलं शिकतात. त्यांना हे शिकवा.

घरातल्या मंडळींनो, तुम्हीही बोला. भाऊ, मुलगा, नवरा गाडी घेऊन रात्री निघाला की ‘जपून जा’ म्हणता. त्याच्या जोडीला ‘बार झाकलायस ना?’ हेही विचारा.

झाकण आज मिळालं नाही तर थांबू नका. जाड काळ्या रेक्झिनचा तुकडा बारवर गुंडाळा, वेल्क्रोने घट्ट बांधा. झाकलेला बार चालू मात्र करू नका, तो तापतो. त्यासाठी बॉनेट उघडा, बारच्या वायरवरचा फ्यूज उपसा आणि डॅशबोर्डच्या खणात ठेवून द्या. पुन्हा डोंगरात जाल तेव्हा लावा. दोन मिनिटांचं काम आहे. रात्रीच्या प्रवासाला निघायच्या आधी करा. आज निघणार असाल तर आत्ताच चावी घ्या आणि गाडीपाशी जा.