सोनेरी चेन, पितळी ज्ञान

माउंटन बाइकची चेन बदलायची म्हटलं की आपल्याकडे धर्मसभाच भरते. दुकानात जाऊन तुम्ही साधं विचारता, "नऊ स्पीडची चेन आहे का हो?" आणि काउंटरपलीकडचे आचार्य असे बघतात, जणू सत्यनारायणाच्या प्रसादाला तुम्ही अंडाभुर्जी मागितलीत. "सर, तुमची रायडिंग स्टाइल काय?" स्टाइल? पावसाळ्यात सिंहगडाच्या पायथ्याशी चिखलात लोळणे, महाराज. आता द्या चेन.

मग काचेच्या कपाटातून सोनेरी चेन प्रकटते. टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा, पोकळ पिना. वजन वाचतं म्हणे! अहो, अख्खी चेनच पाव किलोच्या आसपास, त्यातून वाचून वाचून वाचणार किती? आणि हे भारलघुत्वाचं तत्त्वज्ञान माना डोलावत ऐकणारं गिऱ्हाईक पाठीवर दोन लिटर पाणी नि पोटावर गेल्या दिवाळीचा फराळ वाहत आलेलं असतं. मुलामा टणक असतो, मान्य. पण सह्याद्रीतली माती पिन आणि रोलरच्या फटीत शिरताना रंग बघून परत फिरते, असं अजून तरी ऐकिवात नाही.

आता खरी गंमत. गिअरच्या सायकलींच्या चेनची कडी सारखीच, पिनपासून पिनपर्यंत अर्धा इंच. फरक रुंदीत. मागच्या चकत्या वाढल्या की चेन बारीक होते: आठ स्पीडची बाहेरून साधारण ७ मिलिमीटर, बाराची सव्वापाच. म्हणजे बघायचं काय, तर मागे चकत्या किती. एवढंच! तरी इंजिनीअर झालेली माणसं ऐटीत "एकवीस स्पीडची चेन द्या" म्हणतात. पुढच्या तीन गुणिले मागच्या सात. पाढे पाठ आहेत, अभिनंदन. पण चेन सातचीच लागते.

बारा स्पीडला मात्र कंपन्यांनी आपसातला रोटीबेटी व्यवहार तोडलाय. शिमानोने २०१८ मध्ये हायपरग्लाइड प्लस प्रणाली आणली, तिच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या चकत्यांच्या जुडग्याला, तिचीच चेन हवी. स्रॅमने २०२३ मध्ये माउंटन बाइकसाठी वरून सपाट पट्ट्यांची चेन काढली, ती फक्त तिच्याचसाठी घडवलेल्या भागांच्या घराण्यात नांदते. म्हणजे सोवळं पाळायचंच असेल तर ते इथे. आणि नेमकं इथेच आमचे आचार्य कमालीचे उदारमतवादी होतात! "चालतं सर, सगळं चालतं." अरे मग मघाशी ती रायडिंग स्टाइलची चौकशी कशासाठी चालली होती?

बरं, जुनी चेन खरंच संपली आहे का, हे मोजतो कोण? लोक नखाने चेन उचलून बघतात, "गेली" म्हणतात. वैद्यबुवांनी नाडी धरली! वास्तविक इंचाची एक फूटपट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, चोवीस कड्या मोजा. चोविसावी पिन बरोब्बर १२ इंचांवर आली तर चेन ठणठणीत. सोळांश इंच पुढे सरकली तर बदला. अष्टमांश सरकली तर कॅसेटचेही दात झिजलेत असं धरून चाला, कारण त्या दातांवर नवी चेन चढावर जोर लावला की सटकते आणि तुमची नडगी पॅडलवर आपटते. मग ती चेन सोन्याची असली काय नि लोखंडाची असली काय.

लांबीच्या बाबतीत तर आनंदच. जुनी चेन जमिनीवर पसरायची, शेजारी नवी ठेवायची आणि टोकाला टोक जुळवून कटर चालवायचा. आता ज्या चेनला लांब झाली म्हणून हाकललं, तिलाच माप मानून नवी कापायची, याला काय म्हणावं? १२० कड्यांत एक टक्का वाढ म्हणजे एका कडीहून जास्त. कड्या मोजा की राव! पण मोजणं पडलं कारकुनी काम. आचार्यांना ते कमीपणाचं.

एकदा मी हट्टाने म्हटलं, आधी माझी जुनी चेन मोजून दाखवा. तीन प्रकारची वंगणं, चार रंगांच्या बाटल्या, आयात केलेले ब्रश, सगळं होतं दुकानात. पट्टी नव्हती.

"सर, ती समोरच्या स्टेशनरीवाल्याकडे मिळेल."