जाळीआधी घरटं पाहा

पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला की कोकण-गोव्यातल्या रिसॉर्टवाल्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या: बाल्कनीत कबुतरांची घाण आणि नाश्त्याच्या टेबलावर कावळ्यांची झडप. तक्रारी रास्त आहेत. वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना बाधते. ती आधी ओली करून, तोंडाला मास्क बांधूनच काढायला हवी. पण म्हणून चिकट जेल लावणं किंवा विषारी दाणे टाकणं हे निव्वळ क्रौर्य आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० पासून आहे, याचंही भान हवं.

कबुतराचं अंडं साधारण १८ दिवसांत फुटतं, पिल्लू महिनाभरात उडतं. एसीच्या मागे चार काटक्यांवर दोन पांढरी अंडी दिसली, तर तेवढे दिवस थांबा. मग जाळी लावा, पण ताणून. सैल जाळीत पाय अडकलेला पक्षी तडफडून मरतो.

मुळात पक्षी येतात ते अन्नासाठी. उष्ट्या ताटल्या लगेच उचला, कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणं बसवा. आणि वाचकहो, फिरायला जाल तिथे गॅलरीतून पावाचे तुकडे टाकू नका.