कार्ड आपलं, मग हुकूम कुणाचा?

व्हिडिओ गेमच्या यंत्राचं मेमरी कार्ड लिनक्सच्या मदतीनं साठवणीसाठी वापरायचं, असा उद्योग काही हौशी मंडळी करतात. ऐकणारा लगेच विचारतो, "कशाला? पेन ड्राइव्ह काय महाग आहे?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा आधी हिशेब करू.

सेगा कंपनीचं ड्रीमकास्ट १९९८ साली जपानात विक्रीला आलं. त्याच्या मेमरी कार्डाला स्वतःचा चिमुकला पडदाही होता. जागा १२८ केबी. त्यातली वापरायला मिळते १०० केबी, म्हणजे ५१२ बाइटांचे २०० ठोकळे. आज सर्रास वापरात असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. एक 'क्षा' घ्या: क, हलन्त, ष आणि काना. झाले १२ बाइट! तरी या लेखाएवढे पंधराएक लेख त्यात बसतील. मोबाइलवर काढलेला फोटो मात्र मावणार नाही. व्यवहार आतबट्ट्याचाच, कबूल.

पण प्रश्न जागेचा नाहीच. सेगाने २००१ मध्ये ड्रीमकास्ट बनवणं थांबवलं. लोकांच्या घरातली कार्डं त्या दिवशी बिघडली नव्हती. २००९ साली लिनक्समध्ये या कार्डासाठी ड्रायव्हर आला. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. ड्रीमकास्टवर लिनक्स चालवलं, की कार्डातली स्मृती त्याला या दुभाष्यामार्फत दिसते. कंपनीने हात झटकल्यावर आठ वर्षांनी, बाजारात काडीची किंमत नसलेल्या वस्तूसाठी कुणीतरी हे काम केलं. याला मी रिकामटेकडेपणा म्हणणार नाही.

सोनीची कथा उलटी. २००२ मध्ये अमेरिका-युरोपात कंपनीने स्वतःच प्लेस्टेशन २ साठी लिनक्सचा संच विकला. त्यात लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ८ एमबीच्या मेमरी कार्डावर ठेवत. पुढे प्लेस्टेशन ३ वरही लिनक्स बसवायची सोय दिली आणि १ एप्रिल २०१० च्या अपडेटने ती काढून घेतली. कारण सुरक्षिततेचं सांगितलं. अपडेट नाकारलं, तर ऑनलाइन खेळणं बंद! विकलेल्या वस्तूतला एखादा गुण मागाहून काढून घेणं मला पटत नाही. पाटी विकणारा दुकानदार 'हिच्यावर फक्त पाढेच लिहा' असं सांगत नाही, आणि दोन वर्षांनी घरी येऊन पाटीची एक बाजू खरवडूनही नेत नाही.

कंपन्यांचीही बाजू आहे. खेळांच्या चोरट्या नकला होतात, त्या रोखायला हव्यात. पण त्यासाठी सरळमार्गी गिऱ्हाइकाच्या हातातली वस्तू मुकी का करायची?

एक सावधगिरी मात्र हवी. अशा स्मृतीवर पुसून पुन्हा लिहिण्याला मर्यादा असते आणि ही कार्डं आता जुनी झाली आहेत. कशाचीही एकमेव प्रत त्यांवर ठेवू नये.

असो. तुमच्याकडे असं एखादं कार्ड पडलं असेल, तर भंगारात टाकण्याआधी आत काय आहे ते बघून घ्या. मुलांचे अर्धवट राहिलेले खेळ तरी नक्की सापडतील.