लोहकल्प, थायरॉक्सिनची गोळी आणि रक्ताचा अहवाल

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे रुग्ण आता रिकाम्या हाताने येत नाही. सेवाग्राम व सावंगी येथील मोठी रुग्णालये जवळच आहेत, खाजगी प्रयोगशाळा तर जागोजागी. नाडी पाहण्यापूर्वीच पिशवीतून अहवाल बाहेर पडतात, आणि स्त्रीरुग्णांच्या अहवालांत हिमोग्लोबिन व टीएसएच हे दोन आकडे बहुधा ठरलेलेच. हे दोन आकडे सुटे सुटे वाचण्याची जी रीत पडली आहे ती आम्हांस घातक वाटते. घातक हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक योजला आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळाव्या अध्यायात सांगितलेली पांडुरोगाची लक्षणे वैद्यबंधूंनी पुन्हा एकदा नजरेखालून घालावीत. डोळ्यांभोवती सूज, गळणारे केस, गेलेली कांती, थंडीचा तिटकारा, झोपाळूपणा, कमी बोलणे. यांतील जवळजवळ प्रत्येक लक्षण थायरॉईड ग्रंथी मंदावलेल्या रुग्णातही आढळते. केवळ दर्शन-स्पर्शन-प्रश्नावर हे दोन विकार दर वेळी वेगळे करता येतील असे म्हणणे धाडसाचे आहे. त्यात ते एकमेकांचे सोबती. थायरॉईडचे संप्रेरक घडविणाऱ्या विकराला लोहयुक्त घटक लागतो. शरीरातील लोह घटले की ग्रंथीचे काम मंदावू शकते. उलट, ग्रंथी मंदावली की कित्येक स्त्रियांना अंगावरून अधिक जाते, जठरातील आम्ल कमी पडते, आणि लोह आणखी घटते.

टीएसएचविषयी एक गैरसमज रुग्णांत तर आहेच, पण तो आपल्या वर्तुळातही ऐकू येतो. आकडा वाढला की ‘थायरॉईड वाढले’ असे म्हटले जाते. वस्तुतः टीएसएच हे पीयूषिका ग्रंथीने थायरॉईडला पाठविलेले फर्मान आहे. काम होत नाही म्हणून ती ओरडून सांगते, म्हणून आकडा चढतो. आकडा चढलेला म्हणजे सामान्यतः काम उतरलेले. ग्रंथीचे स्वतःचे संप्रेरक जरासे घटले तरी टीएसएच कितीतरी पटींनी वाढते. त्यामुळे किंचित वाढलेल्या एकाच आकड्यावर जन्मभराचे निदान करू नये, मुक्त टी४ पाहावे व काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. गोळीची मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत केलेली चाचणी तर पैसे वाया घालविणारीच.

हिमोग्लोबिनचेही तसेच. ते लोहाचे माप नव्हे. कणगी रिकामी होत आली तरी काही दिवस चूल पेटत राहते. फेरिटिन ही कणगी, हिमोग्लोबिन ही चूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार निरोगी प्रौढात फेरिटिन लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेले तर लोहाचा साठा संपला असे समजावे. मात्र ज्वर, संसर्ग किंवा सांध्यांची सूज असता फेरिटिन उगाचच वाढलेले दिसते, म्हणून अशा रुग्णांत ७० ही मर्यादा धरली आहे. आमवाताच्या रुग्णेचे फेरिटिन ४० पाहून ‘लोह पुरेसे आहे’ असे कोणी म्हणू नये. नुसते सीरम आयर्न तर एकाच दिवसात वरखाली होते.

विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. पण रक्तक्षय म्हणजे सर्वत्र लोहक्षय नव्हे. आपल्या भागातील आदिवासी व अनुसूचित जातींच्या समाजांत सिकलसेल आहे. डोळ्यांत पिवळेपणा, वारंवार अंगदुखी आणि उतरलेले हिमोग्लोबिन असता फेरिटिन न पाहता महिनोन्महिने लोह देत राहणे चूक आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात या विकाराच्या तपासणीवर भर आहे. त्याचा लाभ रुग्णास घेऊ द्यावा.

आता मुख्य मुद्दा. नवायस लोहात नऊ वनस्पतिद्रव्ये एकेक भाग आणि लोह नऊ भाग, म्हणजे निम्मा कल्प लोहाचाच. धात्री लोह, पुनर्नवा मंडूर, लोहासव हीही त्याच कुळातली. थायरॉक्सिनची गोळी सकाळी अनाशेपोटी घेतात, आणि आपण नवायस मधातून सकाळीच लिहून देतो. लोह थायरॉक्सिनला आतड्यात बांधून ठेवते, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर सांगितले जाते. आपले भस्म निराळे, त्याला हा नियम लागू नाही, असे काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात. आमचा त्यांना नम्र प्रश्न आहे: आपले लोह शोषले जाऊन रक्त वाढविते असेही म्हणायचे आणि ते आतड्यात कोणाला अडवीत नाही असेही म्हणायचे, हे एकाच तोंडाने कसे म्हणता येईल? शंखभस्म, कपर्दिक, प्रवाळ हे तर कॅल्शियम कार्बोनेटच, आणि तेही थायरॉक्सिनला असेच अडविते.

परिणाम काय होतो? टीएसएच चढते. आपल्या औषधाची माहिती नसलेले डॉक्टर गोळीची मात्रा वाढवितात. तीन महिन्यांनी लोहकल्प थांबतो, वाढविलेली मात्रा तशीच राहते, आणि रुग्णा छातीत धडधड होते म्हणून पुन्हा आपल्याकडेच येते. याहून वाईट म्हणजे कांचनार गुग्गुळ सुरू करून गोळी परस्पर बंद करावयास सांगणे. तसे कोणीही करू नये, गर्भिणीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

लोहकल्प दुपारच्या भोजनोत्तर व रात्री द्यावेत आणि वेळ चिठ्ठीवर अक्षरांत लिहावी. औषधालयाच्या मालकांनाही आमची विनंती आहे. लोहासवाची बाटली चिठ्ठीवाचूनही खपते. ती देताना ‘सकाळी थायरॉईडची गोळी घेता का?’ एवढे विचारावे. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या नेणाऱ्यांनाही तेच विचारावे. बायोटिनची मोठी मात्रा काही यंत्रांवरील चाचणी बिघडविते. टीएसएच खोटेच कमी दिसते. चाचणीपूर्वी निदान दोन दिवस ते बंद ठेवावयास सांगावे.