उमेदवारास काय विचारावे?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत विधानसभेचा उमेदवार दारी आला, की आमचा सुशिक्षित मतदार तुंबलेल्या गटाराचे गाऱ्हाणे मांडतो आणि उमेदवारही ते हसतमुखाने टिपून घेतो. गटार महापालिकेचे, आमदाराचे काम कायदे करण्याचे. याचा विसर दोघांनाही सोयीचा असावा!

मृणाल गोरे यांचे उदाहरण या संदर्भात आम्हांस आठवते. गोरेगावच्या पाण्यासाठी झगडून त्या ‘पाणीवाली बाई’ झाल्या, १९६१ साली महापालिकेत गेल्या. परंतु १९७२ मध्ये व पुन्हा १९८५ मध्ये विधानसभेत गेल्यावर त्या नळापाशीच थांबल्या नाहीत. गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी १९८६ मध्ये अशासकीय विधेयक आणले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, केंद्रास त्यासाठी १९९४ उजाडावे लागले. कमाल धारणेबाहेरची जमीन सामान्यांच्या घरांस मिळावी, हा त्यांचा आग्रह. दिंडोशीची नागरी निवारा वसाहत त्यातूनच उभी राहिली. तो जमीन कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये मोडीत काढला.

आज सोसायट्या-सोसायट्यांतून पुनर्विकासाचीच चर्चा आहे. चटईक्षेत्राच्या नियमांस मंजुरी देते राज्य सरकार. झोपडपट्टी पुनर्विकासाचा १९७१ चा कायदाही विधिमंडळाचाच. तेव्हा चौकातील बाकांवर आपले नाव रंगविणाऱ्या उमेदवारास आम्ही एवढेच विचारू: वाढीव चटईक्षेत्रास पुरेल एवढे पाणी कोठून येणार, आणि मूळचा रहिवासी त्याच जागी परतेल याची हमी कायद्याच्या कोणत्या कलमात घालणार? उत्तर लेखी द्यावे. बाकाच्या पाठीवर लिहिले तरी चालेल.