कॉलेजला कुलूप लागले, फीच्या बाकीचे काय?

पिकांसारखा कॉलेजांचाही एक हंगाम आपल्याकडे येऊन गेला. २००० सालानंतर तालुक्यातालुक्यात डी.एड. विद्यालयांच्या पाट्या लागल्या. पोरगी मास्तरीण होणार या भरवशावर कितीतरी घरांनी दागिने मोडले, जनावरे विकली. पुढे शिक्षकभरती आटली, वर्ग ओस पडले आणि पाट्या उतरू लागल्या. अभियांत्रिकीचेही तेच झाले. २०१४-१५ च्या सुमारास देशातल्या जागा शिगेला पोचल्या, त्यानंतर काही वर्षे त्या घटत गेल्या, आणि ज्यांना मुलेच मिळेनात अशी कॉलेजे बंद पडली.

बंद पडणाऱ्या कॉलेजात साऱ्यांचीच फी चुकती झालेली नसते. कापूस गेला की देतो, उसाचे बिल निघाले की देतो, असे म्हणून शेतकऱ्याने मुदत घेतलेली असते. तेवढ्यात कुलूप लागते. मग गावात दोन मते निघतात. एक म्हणतो, कॉलेजच राहिले नाही तर देणे कसले? ते बुडाले. दुसरा सांगतो, पै न् पै भरल्याशिवाय पोराचा दाखला मिळायचा नाही. दोन्ही मते पुरती बरोबर नाहीत, आणि दोन्हींच्या मागे जाणारा फसतो.

आधी एक गोष्ट नीट पाहा. कॉलेज वेगळे आणि संस्था वेगळी. फीची पावती घरात असेल तर काढून वाचा. तिच्यावर बहुधा वरच्या बाजूला एखाद्या शिक्षण संस्थेचे किंवा मंडळाचे नाव असते. ही संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते. बंद पडते ते तिचे एक कॉलेज. संस्था कागदोपत्री जिवंत असते. तिची जमीन, इमारत, देणे आणि येणे शिल्लक राहते. तुमची बाकी हे तिचे येणे. तेव्हा कुलूप लागले म्हणून बाकी आपोआप पुसली जात नाही.

पण ती लोखंडावरची रेघही नाही. अशा पैशासाठी दावा लावायचा तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साधारणपणे ३ वर्षांच्या आत लावावा लागतो. नंतर मागायला कोणी आले तर मागू शकते, पण कोर्ट वसुली करून देत नाही. इथे एक मेख आहे. मुदत संपण्याआधी तुम्ही "इतकी बाकी मला मान्य आहे" असे लिहून सही केली, किंवा थोडी रक्कम भरली आणि तशी सहीची नोंद राहिली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. कॉलेज बंद होण्याच्या सुमारास कारकून मुलांकडून हमीपत्रे भरून घेतात ते उगाच नव्हे. आकडा बरोबर आहे का हे न पाहता मुलाने सही करू नये. प्रवेशाच्या वेळी पुढच्या तारखेचे किंवा कोरे चेक दिले असतील तर ते पहिल्या धडाक्यात लेखी अर्ज करून परत मागा. चेक न वटणे हा १८८१ च्या कायद्याखाली फौजदारी मामला होऊ शकतो. तिथे "कॉलेज तर बंद होते" एवढ्या उत्तरावर सुटका होत नाही.

आकडा म्हणजे तरी काय, हेही तपासा. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, २०१५ च्या कायद्याने. त्याहून जास्त लावलेली रक्कम बाकी म्हणून मागता येत नाही. देणगीच्या नावाने कबूल करून घेतलेले पैसे तर बाकीत धरायचेच नाहीत. कॅपिटेशन फीला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. प्रवेशाच्या वेळी भरलेली अनामत बाकीतून वजा झाली पाहिजे. आणि ज्या सत्रात शिकवायला मास्तरच नव्हते, त्या सत्राची पूर्ण फी का द्यायची, हा सवाल उघड विचारावा. ज्याने कराराची आपली बाजू पाळली नाही त्याला समोरच्याकडून पैशाचा हट्ट धरता येत नाही, हे आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे तत्त्व आहे. मात्र शिकवले, परीक्षा झाल्या, मूल पास झाले, त्या वर्षाची रीतसर फी राहिली असेल तर ती द्यायची. ते देणे खरे आहे. ती रक्कमही संस्थेच्या खात्यावरच भरा आणि पावती घ्या. बंद कॉलेजाच्या ओसरीवर बसून रोख घेणारा माणूस उद्या सापडेलच असे नाही.

शिष्यवृत्तीच्या मुलांचे त्रांगडे आणखी वेगळे. सरकारकडून यायची रक्कम आली नाही की कॉलेज ती मुलाच्या नावावर बाकी दाखवते. अर्ज मंजूर असेल तर हे येणे सरकारकडचे आहे, असे लेखी कळवून मंजुरीचा कागद जोडावा. पण अनुसूचित जातीच्या मुलांनी एक लक्षात ठेवावे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा २०२१ च्या नियमांपासून मुलाच्याच बँक खात्यात जमा होतो. त्यात फीचा भाग असतो. तो बी-बियाण्यात गेला आणि मागून कॉलेज बंद झाले, तर ती बाकी मात्र खरोखर तुमचीच.

आता दाखल्याचे. बाकीपेक्षा घरे इथेच जास्त अडतात, कारण दाखला आणि गुणपत्रकाशिवाय मुलाला दुसरीकडे प्रवेश नाही. दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रे कॉलेजने तपासून परत द्यायची असतात, अडकवून ठेवायची नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये तसे स्पष्ट बजावले आहे आणि तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेचाही तोच नियम आहे. तेव्हा फीची वसुली करायची असेल तर कायद्याने करा, कागद तारण ठेवून नव्हे, असे ठणकावून सांगायला घाबरू नये. पदवीचे गुणपत्रक विद्यापीठाचे असते. पॉलिटेक्निकची परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेते, डी.एड.ची परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद. कॉलेज बंद झाले तरी ही दफ्तरे बंद होत नाहीत. हरवलेल्या गुणपत्रकाची दुसरी प्रत तिथून मिळते.

कॉलेज रातोरात बंद करायची मुभाही संस्थाचालकांना नाही. विद्यापीठाशी जोडलेले कॉलेज बंद करायला विद्यापीठाची आधी परवानगी लागते, सरकारची संमती लागते. तंत्रशिक्षणात परिषदेच्या परवानगीने टप्प्याटप्प्याने बंद करण्याची रीत आहे. म्हणजे नवे प्रवेश थांबतात आणि आत असलेली मुले तिथेच शिकून बाहेर पडतात. एकदम बंद करायचे झाले तर मुलांची दुसऱ्या कॉलेजात सोय लावावी लागते. पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबले असे कानावर आले, की पालकांनी समजावे आणि कुलपाची वाट न बघता विद्यापीठाकडे किंवा तंत्रशिक्षण संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाकडे पाचपंचवीस जणांनी मिळून अर्ज द्यावा. एकट्याच्या अर्जाला टपालाचा शिक्का मिळतो, पंचवीस जणांच्या अर्जाला उत्तर मिळते.

इथवरचे देणे संस्थेचे. दुसरे देणे बँकेचे, आणि त्याची जात निराळी. शैक्षणिक कर्जाचा हप्ता बँक बहुधा थेट कॉलेजला पोचवते. करार असतो तो बँक, मुलगा आणि बाप यांच्यात. ४ लाखांपर्यंत जमीन तारण लागत नाही म्हणून आपल्याला ते हलके वाटते, पण बाप सहकर्जदार असतो. कॉलेज बुडाले म्हणून हे कर्ज एका रुपयाने कमी होत नाही. हप्ते थकले तर बापाची पत खराब होते, आणि मग पीककर्ज किंवा ट्रॅक्टरचे कर्ज मागायला गेले की साहेब संगणकात पाहून मान हलवतो. मुलाच्या कॉलेजचे कुलूप असे बापाच्या खरिपाला लागते.

माफीची आशाही इथे धरू नये. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या शेतीकर्जाच्या होत्या, शिक्षणकर्जाच्या नव्हेत. मुले मोबाइलवर अमेरिकेच्या बातम्या वाचून येतात. तिथे हजारो मुलांना शिकवणारी कोरिंथियन नावाची खासगी कॉलेजांची साखळी एप्रिल २०१५ मध्ये बंद पडली. जून २०२२ मध्ये तिथल्या सरकारने तिच्या सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज रद्द केले. बातमी खरी आहे. पण ते कर्ज मुळात सरकारने दिलेले होते, आणि शिकता शिकता कॉलेज बंद पडले तर सरकारी कर्ज रद्द व्हावे अशी तरतूद तिथल्या कायद्यातच आहे. आपल्याकडे तशी तरतूद नाही. माझ्या मते असायला हवी. मान्यता देणारे सरकार, पैसा देणारी बहुतेक ठिकाणी सरकारी बँक, आणि कॉलेज बुडाले की सारा भार एकट्या शेतकऱ्यावर, हा कुठला न्याय? पण कायदा होईल तेव्हा होईल, हप्ता दर महिन्याला येतो.

म्हणून बंदची खबर लागताच बँकेत जावे आणि पुढचा हप्ता त्या कॉलेजला पाठवू नये असा अर्ज देऊन पोच घ्यावी. एकदा गेलेला पैसा डबघाईच्या संस्थेकडून परत मिळवणे म्हणजे आटलेल्या विहिरीत मोट सोडणे. मुलाला दुसऱ्या कॉलेजात हलवले तर तेच कर्ज तिकडे चालू ठेवायला सांगा. "शिक्षण सोडले" अशी नोंद बँकेत होऊ देऊ नका. तशी नोंद झाली की परतफेडीची सवलत लवकर संपू शकते. शिवाय वर्षाला साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी २००९ पासून जी केंद्राची व्याजसवलत आली, तीही अभ्यासक्रम अर्धवट सोडणाऱ्याला मिळत नाही. कॉलेज बंद झाल्याचे पत्र आणि नव्या प्रवेशाचा कागद अर्जाला जोडावा. मॅनेजर बदलला तर नव्या मॅनेजरला तीच पोच दाखवता येते.

संस्थेने तुमचेच पैसे ठेवले असतील, म्हणजे पुढच्या वर्षाची फी आगाऊ घेतली किंवा अनामत परत केली नाही, तर वाट पाहत बसू नका. एका वेळी एका वर्षापेक्षा जास्त फी आगाऊ घेऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगून ठेवले आहे. न्यासाला आपली जमीन विकायची झाली तर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याने धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. कॉलेज बंद पडले की बऱ्याचदा जागा विकण्याचा बेत निघतोच. तो अर्ज त्या कार्यालयात येण्याआधी तुमचा तक्रारअर्ज, पावत्यांच्या नकलांसह, तिथे पोचलेला बरा.